नुसते बसणाऱ्यांची कैफियत

“बागेत लोक नुसते बसलेले असतात,” हा आक्षेप गेली काही वर्षे इतक्या निरनिराळ्या मुखांतून आणि इतक्या एकसारख्या तिटकाऱ्याने माझ्या कानी येत आहे, की आता त्याला एखाद्या चिडखोर गृहस्थाचे खासगी मत न म्हणता मुंबईच्या उद्यानविषयक धोरणाचे मूलसूत्रच म्हणावे लागेल. ज्या नगरीत जमीन फुटावर विकली जाते, आणि तीही सामान्य माणसाने फुटाचा दर ऐकून निमूटपणे घरी परतावे अशा भावाने, त्या नगरीत एकरच्या एकर भूमी रिकामटेकड्यांच्या बैठकीसाठी सोडून देणे हा सार्वजनिक संपत्तीचा अपव्यय होय. म्हणून बाग प्रेक्षणीय करावी, तीत लोकांना खेचून आणील असे काही आकर्षण उभारावे, त्या आकर्षणावर तिकीट लावून देखभालीचा खर्च वसूल करावा, दुपारी व रात्री फाटकाला कुलूप घालून अनिष्ट मंडळींचा बंदोबस्त करावा, आणि जमल्यास सगळी कटकट एखाद्या मक्तेदाराच्या गळ्यात बांधून मोकळे व्हावे, अशी सुशोभीकरणाच्या पुरस्कर्त्यांची एकंदर कैफियत आहे. ती मी येथे पदरचे काही न घालता मांडली आहे, कारण तिचा प्रतिवाद करावयाचा तर तो तिच्या सबळ स्वरूपाचा व्हावा.

या पक्षात प्रामाणिक माणसे आहेत हेही सांगितले पाहिजे. माझ्या परिचयाचे एक निवृत्त अभियंता रोज पहाटे आपल्या वस्तीतील उद्यानात सहा फेऱ्या मारतात, वाटेत दिसलेली प्लास्टिकची पिशवी स्वतः उचलतात, आणि मग संध्याकाळी त्याच हिरवळीवर डबे उघडून शेंगांची टरफले तेथेच टाकून जाणाऱ्या कुटुंबांविषयी असे काही संतापून बोलतात की त्यांच्या नागरिकत्वाविषयी संशय घेण्याची कोणाची छाती होणार नाही. टरफलांविषयीचा त्यांचा राग मला मान्य आहे. त्या रागातून ते जो निष्कर्ष काढतात, म्हणजे ही कुटुंबेच आत येऊ नयेत अशी व्यवस्था व्हावी, तो मात्र मला मान्य नाही.

पाहण्याची बाग आणि बसण्याची बाग असे दोन प्रकार जगात आहेत, आणि पहिल्या प्रकाराशी माझे वैर नाही. पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे यांच्या नावाने जे उद्यान आहे ते जपानातील ओकायामा शहराच्या कोराकुएन या जुन्या उद्यानाच्या धर्तीवर रचलेले आहे. तेथील पाण्याचा प्रवाह, टेकाडांची चढउतार आणि कातरलेली झुडुपे ही चालता चालता, प्रत्येक वळणावर नवे चित्र दिसावे अशा हिशेबाने मांडलेली असतात, आणि तेथे हिरवळीवर चटई पसरून कोणी पुऱ्या खाऊ लागला तर पहारेकऱ्याने शिट्टी वाजवावी हेच उचित आहे. शहरात अशी एकदोन उद्याने असावीत. परंतु वस्तीवस्तीतल्या प्रत्येक बागेने तशीच होण्याचा ध्यास घ्यावा, आणि न झाली तर ती वाया गेली असे मानावे, हा दुराग्रह आहे. आणि त्या दुराग्रहाची किंमत कोण मोजते हे पाहावयाचे असेल तर भायखळ्याला गेले पाहिजे.

राणीच्या बागेला आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे नाव आहे, परंतु लालबाग-परळच्या माणसाच्या तोंडी अजून राणीची बागच आहे. पश्चिम हिंदुस्थानातील शेतकी व बागायतीच्या अभ्यासासाठी स्थापन झालेल्या एका मंडळाची आधीची बाग शिवडीला होती. ती जागा गोऱ्यांच्या दफनभूमीसाठी गेली, तेव्हा भायखळ्याला नवी वनस्पतिबाग रचण्यात आली आणि १८६२ च्या नोव्हेंबरात गव्हर्नरांच्या पत्नी लेडी फ्रियर यांच्या हस्ते ती लोकांना खुली झाली. पुढे मंडळ मोडले, बाग नगरपालिकेकडे आली, आणि पिंजरे व प्राणी तर त्याहूनही नंतर आले. हा क्रम नीट ध्यानात घेतला पाहिजे, कारण आज प्राणिसंग्रहालय म्हणजेच बाग अशी जी समजूत रूढ केली जात आहे तिला इतिहासाचा कसलाही दाखला नाही. बाग आधी झाडांची होती. तिच्या शेजारी १८७२ साली जे वस्तुसंग्रहालय उघडले, ज्याच्या उभारणीत डॉ. भाऊ दाजी लाड व जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारख्यांनी लक्ष घातले आणि ज्याला १९७५ पासून भाऊ दाजींचे नाव आहे, तेही याच भावनेने उघडले, की ज्या माणसाला विद्यापीठाची पायरी चढता येत नाही त्याला रविवारी बायकामुलांसह येऊन काही पाहता यावे आणि मग झाडाखाली टेकता यावे. घारापुरीचा दगडी हत्ती तेथे उभा आहे, आणि काळ्या घोड्यावरचा सातवा एडवर्डही १९६५ साली आपला चौक सोडून याच आवारात येऊन राहिला आहे. साम्राज्ये गेली तरी त्यांच्या पुतळ्यांना सावली देण्याइतकी ही बाग उदार आहे, मग जिवंत गिरणगावकराने काय पाप केले?

या बागेत तीन हजारांवर झाडे आहेत. आफ्रिकेची गोरखचिंच आपले अवाढव्य खोड सांभाळत उभी आहे. ब्रह्मदेशातून आलेली उर्वशी, जिला फुललेली पाहण्यासाठी वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी मुद्दाम येतात, ती लालभडक फुलांचे घोस उलटे सोडते. दक्षिण अमेरिकेचा कैलासपती खोडालाच फुले आणि तोफगोळ्यासारखी फळे लावून बसतो. आणि आपला सीता अशोक वसंतात नारिंगी होतो. आकर्षण म्हणून परदेशचे काही हवे, असा ज्यांचा आग्रह आहे त्यांनी ही यादी दोनदा वाचावी. सीता अशोक वगळता हे सारे परदेशस्थच आहेत, दीडशे वर्षांपासून येथे राहिले आहेत, आणि त्यांच्यापैकी कोणालाही वातानुकूलित काचघर लागले नाही.

काचघर लागले ते पेंग्विनांना. २०१६ च्या जुलैत सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणण्यात आले, त्यांतला एक काही महिन्यांतच दगावला, आणि २०१७ च्या मार्चमध्ये उरलेल्यांचे दर्शन लोकांना खुले झाले. पेरू आणि चिलीच्या खडकाळ किनाऱ्यावर वाढणारे हे पक्षी गोजिरवाणे आहेत यात वाद नाही, आणि त्यांना पाहून मुले हरखतात यातही नाही. मुले माकडाला पाहूनही हरखतात, आणि फाटकाबाहेरच्या फुगेवाल्यालाही पाहून हरखतात. वाद आहे तो पुढच्या ठरावाविषयी. त्याच वर्षी प्रौढांचे प्रवेशशुल्क पाच रुपयांवरून पन्नास रुपयांवर नेण्यात आले, आणि सवलत म्हणून पती, पत्नी व बारा वर्षांखालील दोन मुले अशा चौघांना शंभर रुपयांत सोडावे असे ठरले.

पन्नास रुपयांत आजकाल चहाफराळही होत नाही, तेव्हा एवढ्याशा रकमेसाठी ओरड कसली, असे सुशोभीकरणवादी विचारतात, आणि विचारताना नकळत आपल्या खिशाचे माप दुसऱ्याच्या खिशाला लावतात. शिवाय सवलतीच्या त्या व्याख्येकडे जरा जवळून पाहावे. लालबागच्या चाळीतून रविवारी बागेत येणारे कुटुंब म्हणजे दप्तरात बसेल असे चौघांचे टोळके नसते. त्यात नणंद असते, तिची दोन पोरे असतात, गावाहून मोतीबिंदू काढण्यासाठी आलेली आजी असते, आणि शेजारच्या खोलीतला, आईबाप कामाला गेलेला एक मुलगाही असतो, कारण त्याला एकट्याला मागे ठेवून जायचे कसे? दप्तराच्या व्याख्येने या कुटुंबाचे तुकडे पडतात. फाटकाशी उभे राहून आधी कोणाकोणाचे तिकीट काढायचे याचा खल होतो, आजी म्हणते मी बाहेरच बसते, आणि आजीने बाहेर बसायचे तर यायचेच कशाला असे म्हणून पुढच्या रविवारी मंडळी येतच नाहीत. या न येणाऱ्यांची नोंद कोणत्याच हिशेबवहीत होत नाही. जमेच्या बाजूला तिकिटांचे उत्पन्न दिसते, ते वाढल्याचे पत्रक निघते, आणि जे आलेच नाहीत ते खर्चाच्या रकान्यातही दिसत नाहीत.

प्राण्यांना खाद्य लागते, वैद्य लागतात, पक्ष्यांच्या काचघराला वीज लागते, हे मला ठाऊक आहे, आणि तो खर्च पाहणाऱ्याने काही अंशी सोसावा या म्हणण्याला माझी हरकत नाही. मग काचघराच्या दाराशी तिकीट लावा. पन्नास लावा, शंभर लावा. मूळ वनस्पतिबागेचे फाटक मात्र मोकळे ठेवा, म्हणजे ज्याला गोरखचिंचेखाली डबा उघडायचा आहे त्याने परदेशी पक्ष्याचे वीजबिल का भरावे हा प्रश्नच उरणार नाही. आवार एकच आहे, मग दोन फाटके कशी करणार, अशी अडचण पुढे केली जाते. पण ज्यांच्या अभियांत्रिकीला मुंबईच्या दमट हवेत चिलीचा किनारा उभा करता आला त्यांना एक कुंपण आणि एक फाटक अवघड जाईल हे पटणे कठीण आहे.

या बागेच्या बाबतीत एक समाधानाची गोष्ट सांगितली पाहिजे. २००७ च्या सुमारास तिचे रूपांतर आंतरराष्ट्रीय थाटाच्या प्राणिसंग्रहालयात करण्याची कोट्यवधी रुपयांची योजना निघाली, तेव्हा काही नागरिकांनी, आणि त्यांत स्त्रिया आघाडीवर होत्या, झाडे मोजली, जुने नकाशे व कागदपत्रे जमवली, आणि ही वारसा असलेली वनस्पतिबाग आहे, प्रदर्शनाचा मांडव नाही, हे वारसा समितीपुढे मांडले. मूळ स्वरूपात त्या योजनेला मंजुरी मिळाली नाही. पुढे जे जे झाले ते सगळे त्यांना रोखता आले नाही, परंतु आज तेथे जी सावली शिल्लक आहे तिच्यात त्यांच्या चिकाटीचा वाटा आहे.

आता कुलपाविषयी. मुंबईतील पालिकेच्या पुष्कळ बागांना दुपारी कुलूप लागत आले आहे. मध्यंतरी वेळा वाढवल्याच्या घोषणा झाल्या, काही ठिकाणी त्या खरोखर वाढल्याही, परंतु दुपार ही बागेच्या दृष्टीने संशयास्पद वेळ आहे ही समजूत अद्याप गेलेली नाही. पुण्यात तर बाग सकाळी आणि संध्याकाळी उघडावी आणि मधल्या वेळी बंद असावी हा जणू शिरस्ताच आहे. कारण विचारले की ठरलेले उत्तर मिळते: दुपारी प्रेमी युगुले येतात, गर्दुल्ले येतात, आणि कामचुकार लोक झोपा काढतात.

दुपारी बागेची गरज कोणाला असते याचा कोणी क्षणभर तरी विचार केला आहे काय? सकाळची चार घरची कामे आटोपून संध्याकाळच्या दोन घरांपर्यंत मध्ये दोन तास असणारी मोलकरीण, जिचे स्वतःचे घर लोकलने तासाभराच्या अंतरावर आहे, तिने ते दोन तास कोठे काढावेत? इमारतीच्या जिन्यात बसली तर रखवालदार उठवतो. घरोघर जेवण पोचवणारा पोरगा आपल्या दुचाकीच्या आसनावर पाय वर घेऊन कलंडतो, कारण रस्त्यावर त्याला दुसरी जागा नाही. स्पर्धापरीक्षेचा विद्यार्थी, ज्याच्या घरी दुपारी लहान बहीण दूरदर्शनपुढे बसलेली असते, सेल्समन, रुग्णालयातील भेटीची वेळ होईपर्यंत ताटकळणारा नातेवाईक, सुनेच्या मैत्रिणी आल्या म्हणून शहाणपणाने घराबाहेर पडलेले आजोबा, ही सारी दुपारची माणसे आहेत. पहाटेची माणसे वेगळी. त्यांना घरी पंखा आहे, दुपारी ती निजलेली असतात, आणि बागेच्या वेळा ठरवणाऱ्या समित्यांवर, माझ्या समजुतीप्रमाणे, प्रायः तीच असतात.

होर्निमन सर्कलची बाग पाहिली म्हणजे दुपारच्या बागेची महती कळते. पूर्वी ते एल्फिन्स्टन सर्कल होते, आणि बॉम्बे क्रॉनिकलचे संपादक बी. जी. होर्निमन, ज्यांना १९१९ साली सरकारने हद्दपार केले, त्यांचे नाव स्वातंत्र्यानंतर त्याला लाभले. भोवती बँका, पेढ्या आणि टाउन हॉलच्या उंच पायऱ्या. मध्ये ही वर्तुळाकार सावली. जेवणाच्या सुट्टीत कारकून, शिपाई, टंकलेखिका, हमाल असे नाना दर्जांचे लोक एकाच झाडाखाली डबा खाऊन पंधरा मिनिटे डोळे मिटतात. तेथे कोणी कोणाला लुटल्याचे किंवा नीतिमत्ता बुडाल्याचे ऐकिवात नाही. गर्दुल्ल्याला मोकळी, ओस पडलेली जागा हवी असते. आजोबा, मोलकरणी आणि विद्यार्थी जेथे बसलेले आहेत तेथे त्याची सोय होत नाही. फाटक बंद करून आपण प्रथम आजोबांना घालवतो, मग कुंपणाची एक सळई वाकते, आणि त्या वाकलेल्या सळईतून नेमका तोच आत शिरतो ज्याच्यासाठी कुलूप लावले होते.

राहिली प्रेमी युगुले. ज्या शहरात दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसे राहिली, जेथे नवविवाहित जोडप्याला चार शब्द बोलायचे तर जिन्याच्या वळणावर बोलावे लागले, त्या शहराने बाकावर बसलेल्या दोघांकडे डोळे वटारावेत याला नीतिमत्ता म्हणण्यापेक्षा विस्मरण म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. आपल्यापैकी पुष्कळांच्या आईवडिलांचे लग्न ठरल्यानंतरचे पहिले बोलणे चौपाटीवर किंवा हँगिंग गार्डनमध्येच झालेले आहे, विचारून पाहावे.

या कुलपाचीच एक धाकटी बहीण बाकावर येऊन बसली आहे. अलीकडे नव्याने सुशोभित झालेल्या बागांतून बाकाच्या मध्यभागी लोखंडी हात बसवलेला आढळतो. वरवर पाहता तो कोपर टेकण्यासाठी आहे, पण त्याची उंची कोपराला जुळत नाही आणि त्याची जागा अशी नेमकी निवडलेली असते की कोणाही माणसाला त्या बाकावर आडवे होता येऊ नये. अशाच एका बाकावर, ज्याच्या पाठीवर त्यासाठी निधी देणाऱ्या लोकप्रतिनिधीचे नाव बाकाच्या रंगाहून ठळक रंगात लिहिले होते, एक म्हातारा तो लोखंडी हात पोटाशी येईल अशा बेताने अंग दुमडून निजलेला मी पाहिला. त्याने उशाला वर्तमानपत्र घेतले होते आणि चपला बाकाखाली व्यवस्थित जोडून ठेवल्या होत्या. माणसाला झोप आली की तो झोपतो. लोखंडाने फक्त त्याची पाठ दुखवता येते.

झाडांची स्थिती याहून बरी नाही. सुशोभीकरणाचे अंदाजपत्रक पाहिले तर त्यात पेव्हर ब्लॉक, कारंजे, रंगीत दिवे, कमान, खुल्या व्यायामशाळेची यंत्रे आणि रॉयल पाम हटकून असतात. या शेवटच्या झाडाविषयी एवढेच म्हणावे लागेल की ते वरातीतल्या भालदारासारखे ताठ उभे राहते आणि तेवढीच सावली देते. वडाला, पिंपळाला, करंजाला, बकुळीला वाढायला वीस वर्षे लागतात आणि वीस वर्षांनी उद्घाटनाची कोनशिला कोण वाचणार? जी जुनी झाडे आधीपासून उभी आहेत त्यांच्या बुंध्यापर्यंत फरसबंदी आणून भिडवतात, आळे बुजते, पावसाचे पाणी मुळांशी न मुरता गटारात जाते, आणि काही वर्षांनी एखाद्या जुलैत झाड उन्मळून पडले की वादळाला दोष दिला जातो. माळ्याला हे सगळे कळते. खुरप्याने आळे करायला त्याला सांगा, तो अर्ध्या दिवसात दहा झाडांची करील. पण त्या कामाची निविदा निघत नाही.

ज्यांना बसणे हा आळस वाटतो त्यांनी शिवाजी पार्कचा कट्टा पाहावा. १९२५ साली पालिकेने ते मैदान खुले केले. प्रथम त्याला माहीम पार्क म्हणत, आणि १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या प्रयत्नाने त्याला शिवछत्रपतींचे नाव मिळाले. जवळजवळ अठ्ठावीस एकरांच्या त्या मैदानात प्रेक्षणीय म्हणावे असे काही नाही. लाल माती, क्रिकेटच्या खेळपट्ट्या, कडेने झाडे, आणि सभोवार दीडदोन हात उंचीचा तो कट्टा. पण या कट्ट्यावर दादरच्या तीन-चार पिढ्यांचे राजकारण, नाटक, क्रिकेट, लग्ने आणि भांडणे पार पडली आहेत, आणि त्यासाठी कोणालाही तिकीट काढावे लागलेले नाही. उन्हाळ्यात माती उडते, भोवतालच्या घरांत धूळ जाते, ही तेथील रहिवाशांची तक्रार खरी आहे आणि तिची दखल घेतलीच पाहिजे. परंतु मातीवर पाणी मारण्याची व्यवस्था करणे निराळे आणि त्या निमित्ताने मैदानाला पाय ठेवू नये अशा हिरवळीचे रूप देणे निराळे.

याच मैदानाचे सर्वांत मोठे रूप डिसेंबरच्या सहा तारखेच्या आगेमागे दिसते. चैत्यभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अभिवादन करण्यासाठी विदर्भातून, मराठवाड्यातून, खानदेशातून आलेली लाखो माणसे येथे मांडवांत उतरतात. पाण्याच्या टाक्यांपुढे रांगा लागतात, भाकरीची गाठोडी सुटतात, आणि पुस्तकांच्या दुकानांची जी रांग लागते तेवढी पुस्तके एकाच जागी विकली जाताना महाराष्ट्रात क्वचितच दिसतात. सोलापूरकडची एखादी म्हातारी, जिला अक्षर येत नाही, नातवासाठी संविधानाची प्रत घासाघीस न करता घेते आणि पदरात गुंडाळते. या दिवसांत काही मंडळी नाके मुरडतात हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांना मी एवढेच विचारतो की ज्या राज्याच्या राजधानीत या माणसांना पाठ टेकायला मैदान नसेल, त्या राजधानीला ते आपली कशी म्हणतील?

शेवटचा आणि बलवत्तर मानला जाणारा युक्तिवाद जागेचा आहे. मुंबईत बागेला जागाच कोठे आहे, असे म्हटले जाते, आणि त्याच्या पुष्ट्यर्थ माणशी खुल्या जागेचा सव्वा चौरस मीटरच्या आसपासचा आकडा पुढे केला जातो. एका माणसाने चटई पसरली की एवढी जागा संपते. परंतु या आकड्यापुढे हात जोडून बसण्यापूर्वी मुंबईच्या बागा कशा झाल्या ते आठवावे. मलबार टेकडीवरचे हँगिंग गार्डन पाण्याच्या टाकीच्या छपरावर उभे आहे. माझगावच्या टेकडीवरचे जोसेफ बाप्टिस्टा उद्यानही तसेच टाकीवरचे. माहीमला मिठीच्या काठी, धारावीच्या शेजारी, जेथे शहराचा कचरा वर्षानुवर्षे ओतला जात होता तेथे सदतीस एकरांवर झाडे लावली गेली आणि १९९४ साली महाराष्ट्र निसर्ग उद्यान लोकांना खुले झाले. दादर, माटुंगा, शीव या भागांतील बागा तर संकटातून आल्या: १८९६ च्या प्लेगने शहराची कोंदट वस्ती उघडी पाडली, १८९८ मध्ये सुधारणा न्यास स्थापन झाला, आणि त्याने नव्या वस्त्या आखताना हवा व उजेड यांना घरांइतकाच मान दिला. त्याच आखणीत दादर पारशी कॉलनीच्या फाइव्ह गार्डन्स उभ्या राहिल्या. म्हणजे प्लेगच्या काळातील, परकीय सरकारच्या अमलाखालील शहराला जागा सापडली, टाकीच्या छपरावर सापडली, आणि स्वातंत्र्यानंतर उकिरड्यावरही सापडली. आजच्या श्रीमंत शहराला मात्र ती सापडेना.

आणि एकदा तर ती हातात आली होती. गिरण्या बंद पडल्या तेव्हा त्यांच्या ताब्यात मध्य मुंबईतील सुमारे सहाशे एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने असे ठरवले होते की या जमिनीचा विकास करताना एक तृतीयांश भाग मोकळ्या सार्वजनिक जागेसाठी पालिकेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी, आणि उरलेला मालकाला मिळावा. १९९६ साली वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या समितीने या जमिनींचा एकत्रित आराखडा कसा करता येईल याचा अहवालही दिला. मग २००१ साली नियमात फेरफार झाला, आणि वाटणी सगळ्या जमिनीची न करता फक्त तिच्यावरील बांधकाम वगळून जो मोकळा तुकडा उरेल त्याची करावी, असे ठरले. गिरणी म्हणजे बहुतांशी छपरेच. मोकळा तुकडा तो किती उरणार? उच्च न्यायालयाने २००५ मध्ये नागरिकांच्या बाजूने निर्णय दिला, सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो फिरवला, आणि दोनशे एकरांची शक्यता विखुरलेल्या तुकड्यांवर येऊन थांबली. ज्या कामगारांच्या तीन पिढ्यांनी त्या सांच्यांवर आयुष्य काढले त्यांच्या नातवंडांना त्या जमिनीवर खेळायला एक सलग मैदान मिळाले नाही. तेव्हा जागा नव्हती असे कोणी म्हणू नये. ती होती आणि एका दुरुस्तीने ती गेली.

नव्या मनोऱ्यांत बागा आहेत, असे यावर उत्तर मिळते. आहेत, पण त्या वाहनतळाच्या छपरावर, सातव्या-आठव्या मजल्यावर, रहिवाशाच्या ओळखपत्राशिवाय उद्वाहक जेथे थांबत नाही अशा आहेत. दादरच्या एका जुन्या गिरणीच्या जमिनीवरील प्रकल्पासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या डिसेंबरात, करमणुकीसाठीची किमान मोकळी जागा जमिनीच्या पातळीवरच द्यावी, असे ठरवले. त्या निर्णयामागील विचार कोणत्याही माळ्याला समजेल असा आहे, कारण वडाची मुळे आठव्या मजल्यावर जात नाहीत. मलबार टेकडीची टाकी नव्याने बांधताना हँगिंग गार्डन वर्षानुवर्षे बंद ठेवावे लागेल आणि शेकडो झाडे जातील, असा प्रस्ताव आला तेव्हा त्या भागातील रहिवाशांनी तो लढवला, तज्ज्ञ समित्या बसल्या आणि पर्याय शोधण्यात आला. हे उत्तम झाले. माझे म्हणणे इतकेच की पत्ता मलबार हिलचा असो किंवा काळाचौकीचा, झाडाच्या बाजूने बोलणाऱ्याला तेवढ्याच तत्परतेने समिती मिळावी.

तुम्हाला बाग हवी तरी कशी, असा प्रश्न मला विचारला जातो, म्हणून सांगतो. जुनी सावलीची झाडे, त्यांच्याभोवती मोकळी आळी, लांब व सपाट बाक, पिण्याच्या पाण्याचा चालू नळ, स्त्रियांना निःशंकपणे जाता येईल असे स्वच्छ स्वच्छतागृह, पुरेसे कायम माळी, कचऱ्याचे डबे आणि ते वेळेवर उचलणारी गाडी. यांतली एकही बाब महाग नाही आणि एकीचेही उद्घाटन करता येत नाही. बहुधा म्हणूनच अंदाजपत्रकात तिला शेवटी जागा मिळते.

दुपारच्या कुलपाविषयी मात्र मी वादाऐवजी एक दरखास्त ठेवतो. येत्या चैत्रापासून ज्येष्ठ संपेपर्यंत पालिकेने प्रत्येक वॉर्डातील एकाच बागेचे फाटक पहाटेपासून रात्रीपर्यंत सलग उघडे ठेवावे, तेथे एक पहारेकरी आणि एक महिला रक्षक नेमावी, रोज दुपारी किती माणसे आली, त्यांत बायका, वृद्ध व मुले किती, आणि तक्रारी कोणत्या झाल्या याची नोंद फाटकावरील वहीत ठेवावी, आणि पाऊस सुरू झाल्यावर ती वही आमच्या निवृत्त अभियंता मित्रांसारख्या सुशोभीकरणवाद्यांच्या हाती द्यावी. तीत त्यांच्या भीतीला आधार सापडला तर कुलपाचा मुद्दा मी सोडून देईन. तिकिटाचा आणि बाकावरच्या लोखंडाचा मात्र सोडणार नाही.